एका एच-इंडेक्सची पडताळणी

‘कॅस’च्या, म्हणजे प्राध्यापकांसाठीच्या कारकीर्द-प्रगती योजनेच्या, पदोन्नतीची फाईल विद्यापीठाच्या ग्रंथालयात येते, तेव्हा अर्जात लिहिलेले शोधनिबंध, त्यांना मिळालेली उद्धरणे (इतरांच्या निबंधांतले उल्लेख) आणि त्यांवरून काढलेला एच-इंडेक्स हा निर्देशांक प्रत्यक्ष नोंदींशी ताडून पाहणे, एवढेच ग्रंथपाल म्हणून माझे काम असते. रसायनशास्त्राच्या एका प्राध्यापिकेच्या फाईलवर मात्र छाननी समितीतील विषयतज्ज्ञांनी समासात पेन्सिलीने लिहिले होते, ‘जैवभाराचे रूपांतरण आणि धातू, दोन्ही एकाच व्यक्तीचे काम कसे?’ मुलाखत दुसऱ्या दिवशी सकाळी होती.

शंका रास्त होती. मॅडमचे आडनाव पाटील आणि नावाचे आद्याक्षर ‘एस’. स्कोपससारख्या शोधनिबंधांच्या माहितीकोशात लेखकाची नोंद मुख्यतः संगणकच नाव, संस्था, विषय आणि सहलेखक यांचा मेळ घालून तयार करतो. आणि महाराष्ट्रात ‘पाटील एस.’ या नावाने किती जण लिहीत असतील, याची कल्पना कोणालाही करता येईल. त्या एका नोंदीत बगॅसपासून, म्हणजे उसाच्या चिपाडापासून, फरफ्युराल हे रसायन तयार करण्यावरचे निबंध होते, निकेल आणि तांब्याच्या उत्प्रेरकांवरचे होते, पाण्यातील क्रोमियम शोषून घेणाऱ्या बायोचारवरचे (जैवकोळशावरचे) होते. शिवाय ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंच्या वेल्डिंगवरचे आणि ओतीव लोखंडाच्या पृष्ठभागातील दोषांवरचेही होते.

शीर्षकात धातू दिसला की तो निबंध वगळायचा, असे केले असते तर काम अर्ध्या तासात संपले असते. पण मॅडमवर मोठा अन्याय झाला असता. म्हणून मी प्रत्येक निबंधाचे पहिले पान, प्रयोगपद्धती आणि ऋणनिर्देश वाचायला बसलो. वेल्डिंगचे निबंध लगेच वेगळे पडले, कारण त्यांवर परराज्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचा पत्ता होता आणि एकही सहलेखक मॅडमच्या इतर निबंधांत आढळत नव्हता. क्रोमियमचा निबंध मात्र निःसंशय त्यांचाच होता, कारण त्यातील बायोचार फरफ्युराल काढून उरलेल्या बगॅसपासूनच बनवलेला होता.

अडले ते ओतीव लोखंडाच्या निबंधाशी. पत्ता आमच्या विद्यापीठाचा होता, पण मजकूर सगळा साचे, वाळू आणि ग्राफाइट यांचा. मी मॅडमना फोन केला.

“सर, तो माझाच आहे,” त्या म्हणाल्या. “बगॅसमधल्या झायलोजमधून पाण्याचे तीन रेणू निघाले की फरफ्युराल मिळते आणि त्याचे हायड्रोजनीकरण केले की फरफ्युरिल अल्कोहोल. ते जाते कुठे? फौंड्रीत, धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात. साच्याची वाळू बांधून ठेवणारे फ्युरान रेझिन त्याचेच असते.”

कोल्हापूर परिसरात उसाचे कारखाने आणि फौंड्र्या शेजारी शेजारी आहेत, हे मला लहानपणापासून ठाऊक होते. त्यांच्यामध्ये रसायनशास्त्राचा असा सरळ रस्ता आहे, हे त्या दुपारी प्रथम कळले. निबंधाचा मुद्दाही तितकाच नेमका होता. हे रेझिन घट्ट करण्यासाठी सल्फॉनिक आम्ल वापरतात. वितळलेले एसजी आयर्न (गोलाकार ग्राफाइटचे ओतीव लोखंड) साच्यात ओतले की त्या आम्लातील गंधक धातूच्या बाहेरच्या थरात शिरते, ग्राफाइटला गोल आकार देणाऱ्या मॅग्नेशियमला बांधून टाकते आणि मग तेवढ्या थरात ग्राफाइटचे गोलाकार कण धड तयार होत नाहीत. बगॅसपासून सुरू झालेले काम धातूपर्यंत पोहोचले होते ते असे.

फोन ठेवण्यापूर्वी मॅडम संकोचून म्हणाल्या, “सर, माझे पीएचडीचे पेपर माहेरच्या आडनावाने आहेत. ते या यादीत दिसतच नाहीत.” शोधल्यावर ते निबंध वेगळ्या नोंदीत सापडले, आणि त्यांचा सर्वाधिक उद्धृत झालेला निबंधही तिथेच होता.

हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये मांडलेला एच-इंडेक्स मोजायला सोपा आहे: किमान १२ निबंधांना प्रत्येकी किमान १२ उद्धरणे असतील, पण १३ निबंधांना १३ नसतील, तर निर्देशांक १२. अर्जात १६ लिहिले होते. वेल्डिंगचे निबंध काढल्यावर तो १२ वर आला आणि माहेरच्या नावाचे जोडल्यावर १४ झाला. ओतीव लोखंडाच्या निबंधाला मोजकीच उद्धरणे असल्यामुळे त्याने या आकड्यात काहीही भर घातली नाही. माझ्या मते त्यांच्या सगळ्या कामाचा सांधा याच निबंधात आहे; परंतु फौंड्रीतला माणूस तो वाचून वाळूतले आम्ल बदलेल, स्वतः शोधनिबंध लिहून त्याचा उल्लेख करणार नाही, आणि असा उपयोग कोणत्याही माहितीकोशात नोंदला जात नाही.

म्हणून समितीकडे १४ हा आकडा पाठवताना मी सोबत दोन पानी टिपण जोडले. कोणते निबंध का वगळले, कोणते का जोडले आणि जैवभारापासून धातूपर्यंतचा दुवा कोणता, हे त्यात पुराव्यांसह लिहिले. मुलाखतीत तज्ज्ञांनी सर्वाधिक प्रश्न गंधकाच्या त्या थरावरच विचारले, असे नंतर समजले.

पुढच्या आठवड्यात मॅडमनी दोन्ही आडनावे एकाच ऑर्किड (ORCID) क्रमांकाला, म्हणजे संशोधकाच्या कायमस्वरूपी ओळख-क्रमांकाला, जोडली आणि नोंदी दुरुस्त करण्याची विनंती स्कोपसकडे पाठवली. आता आमच्याकडे पीएचडीची नोंदणी होते त्याच दिवशी विद्यार्थ्याने ऑर्किड क्रमांक घ्यावा, असा आग्रह मी धरतो. आणि पहिला निबंध ज्या नावाने छापायचा ते नाव पुढे बदलणार असेल, तर दोन्ही नावे त्या नोंदीत कशी ठेवायची, हे मुलींना शेजारी बसवून दाखवतो.