शेवटचा रकाना

आमचे आप्पा बँकेत होते. त्यामुळे घरात कुठलीही गोष्ट आली की आधी तिला रकाने पडायचे. दूध, पेपर, इस्त्री, गॅस, सगळ्यांना. 2004 साली डीव्हीडी प्लेयर आला तेव्हा त्याच्याही वाट्याला बँकेची एक जुनी डायरी आली. तारीख, नाव, डिस्क किती, भाडं, असे चार रकाने, आणि सगळ्यात शेवटी, पट्टीने जरा रुंद आखलेला पाचवा : मत.

परवा माळा आवरताना ती डायरी हाती लागली. माळा तसाच राहिला.

पहिली काही पानं हिंदी सिनेमांची आहेत. तिथल्या मतांत दम नाही. 'बरा', 'ठीक', 'गाणी चांगली', एके ठिकाणी नुसतं 'झोप लागली'. मग मार्चपासून अचानक माहितीपट सुरू होतात. आता आमच्या घरात कुणाला ज्ञानाची ओढ वगैरे नव्हती. कारण चौथ्या रकान्यात आहे. एका व्हीसीडीत जेमतेम सव्वा तासाचं चित्र मावतं, म्हणून सिनेमा दोन डिस्कांचा, कधी तीनचा. माहितीपट मात्र एका डिस्कमध्ये संपतो, आणि आमचा लायब्ररीवाला भाडं डिस्कवर घ्यायचा. सिनेमा वीस रुपये, माहितीपट दहा. आप्पांना जंगलाची, समुद्राची आणि हिमनद्यांची गोडी लागली ती अशी.

लायब्ररीत हा माल सगळ्यात खालच्या फळीवर असे, योगासनं, रांगोळी आणि भजनांच्या शेजारी. फळीवर चिठ्ठी होती, 'इतर'. आप्पा गुडघ्यावर बसून निवडत बसले की लायब्ररीवाला वरून विचारायचा, "काका, काही हरवलंय का?"

आणि माहितीपट सुरू झाल्यापासून 'मत' या रकान्यात एकच नाव दिसायला लागतं. आजी.

समुद्रावरच्या एका डिस्कपुढे लिहिलंय : 'आजी – समुद्र खरा आहे. पण एवढ्या माशांत आमच्याकडचा एकही नाही.' आजीचं माहेर रेवदंड्याचं. प्रवाळ, शार्क, दिवे लावल्यासारखे चमकणारे खोल पाण्यातले जीव, सगळं तिने शांतपणे पाहिलं होतं. ती बोंबील कधी येतो याची वाट बघत होती, हे आम्हाला शेवटी कळलं.

पेंग्विनांच्या माहितीपटापुढे : 'आजी – जावई असावा तर असा.' अंटार्क्टिकातल्या ऐन हिवाळ्यात एम्परर पेंग्विनची मादी अंडं नराच्या हवाली करून समुद्राकडे निघून जाते आणि तो बाप्या ते अंडं पायांवर घेऊन, वर पोटाची घडी पांघरून, दोन महिने उपाशी उभा राहतो. आजीने हे पाहिलं आणि सोफ्यावर बसलेल्या माझ्या काकांकडे एकदा नीट बघितलं. काका आमच्या आत्याचे यजमान. पाणी प्यायलासुद्धा हाक मारणारे.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आजीला इंग्रजी येत नव्हतं आणि या डिस्कांवर मराठी कधीच नसे. मग आप्पा शेजारी बसून सांगायचे. आधी ते भाषांतर करत. पुढे पुढे त्यांचा हात सैल सुटला. हत्तिणींच्या कळपात पुढे चालणारी थोरली जाऊ झाली, मागे रेंगाळणारी धाकटी. एका तरसाला त्यांनी आमच्या चाळीतल्या एका गृहस्थांचं नाव देऊन टाकलं. पेंग्विनांच्या त्या सिनेमाचं म्हणे मूळ फ्रेंच आवृत्तीत असंच आहे, पक्षी 'मी' म्हणून बोलतात. अमेरिकेत गेल्यावर ते संवाद काढून एकाच निवेदकाचा धीरगंभीर आवाज घातला. म्हणजे आप्पा अगदीच चुकीच्या वाटेवर नव्हते. पण आजीची मतं त्या सिनेमावर नव्हती, आप्पांच्या सिनेमावर होती, हे डायरी वाचताना माझ्या पहिल्यांदा लक्षात आलं.

तिचा एक प्रश्न मात्र ठरलेला. हरणाचं पिल्लू चित्त्याच्या तावडीत सापडलं, अस्वल बर्फावर उपाशी भटकायला लागलं, की ती म्हणायची, "आणि हा कॅमेरावाला काय करत होता?" डायरीत हा प्रश्न इतक्यांदा आलाय की आप्पांनी पुढे नुसतं 'कॅ. का. क. होता?' लिहायला सुरुवात केली.

तिला उत्तर मिळालं ते 'प्लॅनेट अर्थ'मुळे. बीबीसीची 2006 सालची ही मालिका, अकरा भागांची, आणि प्रत्येक भागाच्या शेवटी दहा मिनिटं, हे चित्रण केलं कसं ते दाखवणारी. आप्पा ती दहा मिनिटं आली की उठून प्लेयर बंद करायला निघाले होते. आजीने थांबवलं. आडोशाला दबून, नाक लाल झालेली ती माणसं दिवसचे दिवस एखाद्या जनावराची वाट बघताहेत, जनावर येतच नाहीये, हे तिने डोळे मोठे करून पाहिलं. त्या दिवशीचं मत : 'आजी – यांच्या बायका काय म्हणत असतील?' त्यानंतर आमच्याकडे प्रत्येक भागाची आधी शेवटची दहा मिनिटं लागायची. ती आडोशाला बसलेली माणसं आवडली तर मग पुढचं पन्नास मिनिटांचं जंगल.

डायरीतलं मला सगळ्यात आवडलेलं पान मात्र 'नानूक ऑफ द नॉर्थ'चं आहे. ही डीव्हीडी दादाने पुण्याहून कुणाकडून तरी आणली होती. 1922 सालचा मूकपट, कॅनडाच्या उत्तरेकडच्या बर्फात राहणाऱ्या एका शिकाऱ्याच्या कुटुंबावरचा. मूकपट, त्यामुळे आप्पांना सुट्टी. आजीने तो सलग दोनदा पाहिला. बर्फाच्या विटा कापून घर उभं करतात आणि खिडकीला बर्फाचीच काच बसवतात, तिथे तिने टाळी वाजवली होती.

मग दादाने नको तो शहाणपणा केला. त्या माणसाचं नाव नानूक नव्हतंच, अलाकारियालाक होतं. ते लोक तेव्हा बंदुका वापरत होते, दिग्दर्शक फ्लॅहर्टीने त्यांना भाल्यांनी शिकार करायला लावली. आणि ते बर्फाचं घर अर्धं उघडं होतं, कारण आत कॅमेऱ्याला पुरेसा उजेड नव्हता. कुटुंब झोपून उठल्याचं नाटक करत होतं उघड्यावरच. दादाचं म्हणणं, ही फसवणूक आहे.

आजी थोडा वेळ गप्प होती. मग काय म्हणाली ते आप्पांनी अवतरणचिन्हांत लिहून ठेवलंय : 'पाहुणे आले की आपणही ठेवणीतली चादर घालतोच ना रे? म्हणून घर खोटं होतं का?'

दादाने खाली बारीक अक्षरात लिहिलंय, 'असहमत.' त्याच्याखाली आणखी बारीक, दुसऱ्या शाईत, 'थंडीत उघड्यावर निजले तेही आपल्यासाठीच.' हे कुणाचं अक्षर आहे मला ओळखता आलं नाही. बहुधा आईचं. ती पाहायला कधी बसायची नाही, दारात उभी असायची.

2007 च्या आसपास भाड्याचा रकाना रिकामा पडत जातो. मोझर बेअर कंपनीच्या डिस्का बाजारात आल्या, व्हीसीडी 28 रुपये आणि डीव्हीडी 34. वाण्याकडे साबणाशेजारी टांगलेल्या असत. लायब्ररी उठली, तिथे मोबाइलचं रिचार्ज सुरू झालं. डायरीतली मतंही तिथून गोड होतात. भाड्याने आणलेल्या वस्तूला माणूस नावं ठेवतो, विकत घेतलेलीला सांभाळून घेतो.

शेवटची नोंद डिसेंबर 2008 ची. 'सौ. आत्याचं लग्न. डिस्क 1. करणावळ 350.'

लग्न 1987 चं, कॅसेटवर घेतलेलं. फितीला बुरशी धरायला लागली म्हणून आप्पांनी एका दुकानात ती डीव्हीडीवर उतरवून घेतली. खरं तर आपल्याकडचा पहिलावहिला बातमीपट हा याच जातीचा होता. सावेदादा म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी 1901 मध्ये केंब्रिजहून परतलेल्या रँग्लर परांजप्यांचं मुंबईतलं स्वागत चित्रित केलं. हार, गर्दी, उत्सवमूर्ती. लग्नाच्या कॅसेटमध्ये याहून वेगळं काय असतं? आणि तिच्याइतके कडक परीक्षक दुसऱ्या कुठल्याही चित्रपटाला मिळत नाहीत, कारण सगळेच त्यात असतात.

त्या संध्याकाळी खोली भरली होती. "माझा फेटा बघ." "ही कोण?" "मला एकदाच घेतलंय, तेही खाताना." दुकानदाराने हौसेने मूळ आवाज दाबून अख्ख्या लग्नावर सनई चढवली होती. अंतरपाट दूर होतो तिथे फीत खराब झालेली, चित्र नुसतं थरथरतं. आत्याने तेवढ्यात डोळे पुसून घेतले.

आजी काहीच बोलत नव्हती. ती एकाच माणसाला शोधत होती, हे आम्हाला उशिरा कळलं. आजोबा जाऊन तेव्हा चौदा वर्षं झाली होती. आणि मुलीच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये मुलीचा बाप दिसतच नव्हता. एकदा कडेला धोतराचा काठ गेला, बस्स.

मग पंगत आली. तिथे सनई संपली होती, बहुधा दुकानदाराचं गाणंच तेवढं होतं, आणि खालचा खरा आवाज वर आला. भांडी, हसणं, जिलबी जिलबी. आणि अगदी जवळून, कॅमेऱ्याला खेटून असल्यासारखा, आजोबांचा आवाज. "अहो, त्या कोपऱ्यातल्या मावशींना घ्या. हां. आता इकडे. आमच्या मंडळींना घ्या, त्या सकाळपासून उपाशी आहेत. घेतलंत?"

कॅमेरा वळला. हातात तुपाची लोटी घेतलेली, शालू खोचलेली, पंचावन्न वर्षांची आजी एकदम समोर आली, आणि कॅमेऱ्याकडे नाही, त्याच्या जरा डावीकडे बघून लाजली.

"मागे घे," आजी म्हणाली.

आप्पांनी घेतलं. सहा-सात वेळा घेतलं. नंतर तो आवाज ओसरून पुढे वरातीवर पुन्हा सनई सुरू झाली तेव्हा प्लेयर बंद केला, डायरी काढली आणि तिला विचारलं, काय लिहू?

त्या नोंदीपुढचा पाचवा रकाना कोरा आहे. पेन टेकवल्याचा एक ठिपका दिसतो फक्त.