सांगलीत ऐकलेली नाटकं

मिरजेला गाडीतून उतरलं की सांगली दहा किलोमीटरवर. शहर बस मिळते, वडाप म्हणजे शेअर जीप मिळते, आणि नोव्हेंबरात सकाळची हवाही बरी असते. प्रवासाबद्दल एवढं पुरे. लिहायचंय ते एका सभागृहाबद्दल, जिथे अजून रंगमंचावर न आलेल्या नव्या नाटकांची वाचनं चालली होती, आणि त्यातही पुरावरच्या एका नाटकातल्या एका पानाबद्दल.

महोत्सव हौशी मंडळींचा, रंगभूमी दिनाला जोडून भरवलेला. ५ नोव्हेंबर १८४३ ला विष्णुदास भावे यांनी सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्यासमोर 'सीता स्वयंवर' केलं, तो हा दिवस. सकाळी कार्यशाळा, दुपारी एकांकिकेचं वाचन, संध्याकाळी दोन अंकी नाटक आणि मग चर्चा, असा रोजचा क्रम. पाहुण्यांची सोय गावातल्या नाटकवेड्या घरांमधून केलेली. हॉटेलपेक्षा मला हे केव्हाही आवडतं, कारण रात्री जेवताना यजमानही त्याच वाचनाबद्दल बोलत असतात आणि त्यांची मतं चर्चेतल्या मतांपेक्षा मोकळी असतात.

तक्रार आहे ती उद्घाटनाबद्दल. दीपप्रज्वलन, नटराजपूजन, मग व्यासपीठावरच्या प्रत्येकाला शाल-श्रीफळ, मग प्रत्येकाचं मनोगत. पहिल्या संध्याकाळचं वाचन सव्वा तास उशिरा सुरू झालं. प्रयोगाला एक वेळ हे चालून जातं, वाचनाला अजिबात नाही. वाचनात प्रेक्षकाच्या डोळ्यांना फारसं काम नसतं, सगळा भार कानांवर असतो, आणि सलग ऐकण्याची ताकद दीड तासाच्या पुढे झपाट्याने उतरते. तो दीड तास लेखकाच्या हक्काचा. सत्कार करायचेच तर चर्चा संपल्यावर करावेत. ज्यांना थांबायचं ते थांबतात.

मांडणी मात्र जाणकाराने केलेली होती. सहा खुर्च्या हलक्या अर्धवर्तुळात, प्रत्येकीपुढे संगीतवाले वापरतात तसा कागद ठेवायचा स्टँड, छातीच्या उंचीवर आणि थोडा तिरका. स्टँड हनुवटीपर्यंत आला तर नटाचं तोंड झाकतं, कमरेपर्यंत खाली गेला तर मान वाकते आणि आवाज जमिनीकडे जातो. रंगसूचना, म्हणजे संहितेत कंसात लिहिलेल्या प्रवेश, हालचाल अशा सूचना, वाचणारा सहा जणांच्या ओळीत बसलेला नव्हता. तो एका कडेला, किंचित पुढे, म्हणजे तो पात्र नाही हे काही न सांगता कळत होतं. ज्याचा प्रवेश तो नट उभा राहायचा, निर्गमन झालं की बसून नजर कागदावर. हालचाल एवढीच. प्रेक्षागृहातले दिवे पूर्ण विझवलेले नव्हते, निम्मे चालू होते, कारण मागच्या रांगेत बसलेल्या लेखकाला माणसं कुठे चुळबुळतात आणि कुठे पुढे झुकतात ते दिसायला हवं. दुसऱ्या दिवशी कुणीतरी हौसेने सगळ्यांना माइक लावले. शंभरेक माणसांच्या सभागृहात त्यांची गरज नव्हती, आणि माइकमधून प्रत्येक पान उलटल्याचा खरखराट संवादाइतकाच मोठा ऐकू येऊ लागला. अर्ध्या तासात माइक काढले, छताचे दोन पंखे बंद केले, आणि शेवटच्या रांगेपर्यंत सगळं स्वच्छ पोचलं.

आता ते पान. नाटक सांगलीच्याच २०१९ च्या पुरावरचं. ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती, आणि इथल्या प्रेक्षकाला तो आकडा समजावून सांगावा लागत नाही. दोन जावा घराच्या माडीवर अडकल्यात, खालून पाणी चढतंय.

मोठी विचारते, "जिन्याच्या कितव्या पायरीला आलं?"

धाकटी म्हणते, "सातव्या."

कंसात: शांतता.

मग मोठी, "तुपाचा डबा वर आणलास का?"

संध्याकाळच्या वाचनात रंगसूचना वाचणाऱ्याने "शांतता" असं स्पष्ट म्हटलं, आणि त्याचं वाक्य संपल्याबरोबर मोठ्या जावेने तुपाचं वाक्य घेतलं. सभागृहात थोडं हसू उमटलं. विनोदी वाक्य म्हणून ते गेलं, आणि त्यानंतरची दोन पानं प्रेक्षक विनोदाची वाट बघत राहिले.

यात कुणी वाईट वाचलं असं नाही. तालमीत ठरवायची गोष्ट ठरवायची राहिली, की वाचनात हे हमखास होतं. नटाला सवय असते की समोरच्याचं बोलणं संपलं की आपण उचलायचं. रंगसूचना मोठ्याने वाचली की त्याचे कान तिलाही संवादच समजतात. परिणामी लेखकाने जिथे आवाज काढून घेतला, तिथेच एक जादा शब्द येऊन बसतो. शांतता हा शब्द ऐकू येतो, शांतता ऐकू येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिग्दर्शकाने कार्यशाळेत तेच पान पुन्हा घेतलं. आधी सगळ्या रंगसूचनांवर पेन्सिल चालवली. जागा, काळवेळ, प्रवेश, निर्गमन, आणि ज्याच्यावाचून पुढचा संवाद कळणार नाही अशी कृती, एवढंच वाचायचं ठेवलं. "रागाने", "हसत", "खिडकीशी जाऊन" हे सगळं खोडलं, कारण राग नटाच्या आवाजात असला की सांगावा लागत नाही आणि नसला तर सांगून येत नाही. "शांतता"भोवती गोल केला आणि बाजूला लिहिलं, चार. म्हणजे वाचणाऱ्याने तो शब्द उच्चारायचा नाही. कागदावरून नजर उचलायची, मनात चारपर्यंत मोजायचं, नजर पुन्हा खाली न्यायची. नजर खाली गेली की मोठ्या जावेने सुरुवात करायची.

तसं वाचलं. "सातव्या," आणि मग काहीच नाही. चारपर्यंत मोजण्याच्या त्या वेळात पाणी वर येत असल्याचं सभागृहातल्या प्रत्येकाला कळलं, आणि नंतर आलेला तुपाचा डबा कुणालाही विनोदी वाटला नाही. माझ्या शेजारच्या बाईंनी २०१९ मध्ये घर सोडलं होतं. त्या वाक्याला त्यांनी फक्त मान हलवली. एका शब्दाचं वाचन काढून टाकल्याने एवढं झालं.

मला यात विष्णुदासांचा धागा दिसतो. त्यांच्या नाटकात लिहिलेले संवाद नसत. सूत्रधार पद्यं म्हणत कथा पुढे नेई, आणि पात्रं प्रसंग पाहून आयत्या वेळी सुचेल ते बोलत. पात्रांनी कधी बोलायचं आणि कधी थांबायचं हे त्या सूत्रधाराच्या हाती होतं. नाट्यवाचनात रंगसूचना वाचणारा माणूस नेमका त्या जागेवर असतो. तरीही हे काम नेहमी ज्याला भूमिका मिळाली नाही त्याला, किंवा आयत्या वेळी हाताशी असेल त्याला देतात. माझं ठाम मत आहे की गटातला लयीची सर्वांत चांगली जाण असलेला माणूस इथे बसवावा आणि त्याला प्रत्येक तालमीला बोलवावं.

चर्चेचंही असंच, नेम नसला की फुकट जाते. पहिल्या संध्याकाळी एका गृहस्थांनी उठून, "मी शेवट असा केला असता," म्हणत स्वतःचं नाटक सांगायला घेतलं, आणि लेखिका वहीत काही न लिहिता बसून राहिली. दुसऱ्या संध्याकाळपासून सूत्रसंचालकांनी अमेरिकन नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांनी १९९० च्या सुमारास मांडलेली पद्धत घेतली. आधी प्रेक्षकांनी फक्त सांगायचं, काय लक्षात राहिलं, काय भिडलं, कशाने प्रश्न पडला. मग लेखकाने आपले प्रश्न प्रेक्षकांना विचारायचे. तिसऱ्या फेरीत प्रेक्षकांनी लेखकाला प्रश्न विचारायचे, पण ज्यात मत दडलेलं नाही असे. "धाकटी इतकी थंड का?" हा प्रश्न चालत नाही, त्यात निकाल आधीच लागलेला आहे. "धाकटीला त्या वेळी काय हवंय?" हा चालतो. शेवटी मत, तेही विचारून: "शेवटाबद्दल माझं एक मत आहे, सांगू का?" लेखकाला नाही म्हणायची मुभा.

सर्वांत जास्त हाती लागतं ते दुसऱ्या फेरीत, पण लेखकाने प्रश्न आधीच लिहून आणले असतील तर. "नाटक कसं वाटलं?" असं विचारलं की "छान" एवढंच मिळतं. पूरनाटकाच्या लेखिकेने विचारलं, "घराची वाटणी झालेली आहे हे तुम्हाला कुठल्या वाक्यावर कळलं?" उत्तरं तीन वेगवेगळ्या प्रवेशांकडे बोट दाखवणारी आली. काही जणांना तर दुसऱ्या अंकापर्यंत कळलंच नव्हतं. पहिल्या अंकात काय दुरुस्त करायचं ते तिला त्या पाच मिनिटांत मिळालं.

कार्यशाळांपैकी प्रकाशयोजनेची ठीक होती, अभिनयाची नेहमीसारखी. लेखनाची मात्र कसून घेतली. दोन पात्रं, तीन पानं, एकाला दुसऱ्याकडून काहीतरी हवंय आणि ते त्याने थेट मागायचं नाही. लिहून झाल्यावर स्वतः वाचायचं नाही, शेजाऱ्याकडे द्यायचं. लेखक स्वतः वाचतो तेव्हा कागदावर नसलेलं सगळं आवाजाने भरून काढतो आणि संहितेतलं भोक त्याला दिसतच नाही. नंतर प्रत्येकाला सुरुवातीची पाच वाक्यं खोडायला लावली. बहुतेक प्रवेश सहाव्या वाक्यापासूनच सुरू होत होते, आधीची पाच नमस्कार-चमत्कारात गेलेली.

बोलीवर तिथे चांगलीच खडाजंगी झाली. "काय करालाईस?" हे वाक्य पुण्याच्या नटाने "काय करतोयस?"च्या चालीत वाचलं आणि त्यातला सांगलीचा हेल गेला. बोली लिहिणाऱ्याने प्रत्येक शब्द वाकडातिकडा करून उच्चार कागदावर उतरवायचा प्रयत्न केला तर वाचणारा अडखळतो. क्रियापदं आणि खास शब्द बोलीत ठेवावेत, बाकीचं नेहमीच्या लेखनात, आणि हेलासाठी लेखकाने त्या मुलखातल्या माणसाकडून दोन पानं वाचून घेऊन ती ध्वनिफीत नटाला पाठवावी. हे उत्तर मला पटलं.

छपाईबद्दल मात्र मनापासून विनंती आहे. एका एकांकिकेची संहिता जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली होती. दुसऱ्या संगणकावर उघडल्यावर सगळ्या अक्षरांचा चिखल झाला, आणि नटांनी मोबाइलवरच्या फोटोंवरून वाचलं. मोबाइलवर अंगठ्याने पान सरकवताना ओळ निसटते, पुढचं वाक्य कुणाचं हे दिसत नाही, आणि नजर स्क्रीनवरून उठतच नाही. युनिकोडमध्ये टाइप करावं, पाठवताना पीडीएफ पाठवावी. छापताना १४ पॉइंटचा टाइप, कागदाच्या एकाच बाजूला, पानाला ठळक क्रमांक. पात्राचं नाव वेगळ्या ओळीत किंवा ठळक. वाक्य पानाच्या तळाशी तुटू देऊ नये, नट तिथे श्वास घेतो आणि वाक्य दोन तुकड्यांत ऐकू येतं. पिना मारू नयेत, सुटी पानं क्लिपमध्ये असली की वाचून झालेलं पान आवाज न करता बाजूला सरकवता येतं. दुरुस्त केलेली पानं वेगळ्या रंगाच्या कागदावर काढावीत, म्हणजे कुणाकडे जुनं पान राहिलं आहे ते लांबूनही दिसतं.

नटांची वाटणी करताना एक नट दोन-तीन भूमिका वाचणार हे ठरलेलंच असतं. पण आधी प्रवेशांचा तक्ता करून बघावं, की त्याची दोन पात्रं एकमेकांशी कुठे बोलत तर नाहीत. एका एकांकिकेत ते झालं, आणि एक भांडण एकाच माणसाने एकट्याने वाचलं. आवाज बदलूनही कोण जिंकलं ते कुणाला कळलं नाही.

मधल्या एका सकाळी हरिपूरला जाऊन आलो. कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ, आणि 'शारदा' नाटक लिहिणाऱ्या गोविंद बल्लाळ देवलांचं हे जन्मगाव. शांत आहे, गर्दी नसते, अवश्य जा.

शेवटच्या दिवशी पूरनाटकाचा पहिला अंक निळ्या कागदावरच्या नव्या पानांसह पुन्हा वाचला गेला. वाटणीचा उल्लेख आता दुसऱ्याच पानावर, एका कुलपाच्या किल्लीवरून आला होता, आणि चर्चेत त्याबद्दल कुणी काही विचारलं नाही. प्रयोगासाठी संहिता तपासून परवानगी देणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवावी लागते, तेव्हा ही सगळी काटछाट त्याआधीच झालेली बरी. लेखिकेने वाचन संपल्यावर आणखी एक गोष्ट केली, जी फार थोडे लेखक करतात. सहाही नटांच्या प्रती तिने मागून घेतल्या. नट जिथे अडखळतो तिथे पेन्सिलने खूण करतो, जिथे वाक्य जिभेवर बसत नाही तिथे शब्दांचा क्रम स्वतःच बदलून लिहितो, श्वास पुरत नाही तिथे उभी रेघ मारतो. सहांपैकी चार प्रतींत एकाच वाक्याखाली रेघ असेल, तर ते वाक्य बदलायचं.