गाडी रात्रभरात खाली बसते : एअर सस्पेन्शनचं लीक शोधण्याचा माझा अनुभव

जुनी, वजनदार, महागडी फोर बाय फोर, चारही चाकांना एअर सस्पेन्शन (लोखंडी स्प्रिंगऐवजी हवेने भरलेले रबरी बलून), आणि सकाळी बघावं तर सगळी गाडी टायरवर बसलेली. चालू केली की हवा भरणारा कॉम्प्रेसर बराच वेळ घरघरतो, आधी मागची बाजू उठते मग पुढची, आणि एकदा उभी राहिली की दिवसभर काही तक्रार नाही. असली गाडी ज्यांच्याकडे आहे त्यांना हे चांगलंच माहीत असेल. मला मिळालेले सगळेच सल्ले पार्ट बदलायचे होते, कोणी म्हणे चारही बलून नवीन टाक, कोणी म्हणे कॉम्प्रेसर संपला. आधी हवा नक्की कुठून जातेय ते बघू असं एकानेही म्हटलं नाही, आणि मला तेच करायचं होतं, कारण हे पार्ट स्वस्त नसतात आणि चांगला चालणारा पार्ट काढून फेकायला माझं मन होत नाही.

सगळ्यात आधी एक गोष्ट समजून घ्या, ही कळली की निम्मं काम झालं. यातल्या बऱ्याच गाड्यांमध्ये सस्पेन्शनचा कंट्रोलर गाडी बंद करून लॉक केली तरी पूर्ण झोपत नाही. काही तासांनी जागा होतो, चारही चाकांपाशी उंची मोजणारे हाइट सेन्सर वाचतो आणि एक कोपरा, म्हणजे एका चाकाची बाजू, खाली गेलेला दिसला की बाकीच्या तीन कोपऱ्यांतली हवा सोडून त्यांनाही तेवढंच खाली आणतो, म्हणजे गाडी तिरकी दिसू नये. त्यामुळे लीक एकाच बलूनमध्ये असलं तरी सकाळी चारही खाली, आणि बघणाऱ्याला वाटतं सगळंच गेलं. चारही बलून बदला हा सल्ला इथूनच येतो.

म्हणून मी सस्पेन्शनचा फ्यूज काढला. गाडी सपाट जागी लावली, नॉर्मल हाइटला आणली, बंद केली, फ्यूज काढला आणि मग चारही चाकांचं माप घेतलं, चाकाच्या मधोमधपासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत. जमिनीपासून घेऊ नका, टायरमधली हवा कमीजास्त असली की माप चुकतं. रात्र जाऊ दिली. सकाळी तीन चाकांना ३-४ मिमीचा फरक आणि पुढच्या डाव्याला ४० मिमीच्या वर. एवढं स्वच्छ उत्तर बिघाडाचे कोड वाचणारा कुठलाही स्कॅनर देत नाही. स्कॅनर लावला होता, त्यावर प्रेशर हळू वाढतंय असा कोड येत होता आणि तो वाचून कोणीही कॉम्प्रेसरच मागवेल.

ते ३-४ मिमी मात्र लीक समजू नका. हवा थंड झाली की आकसते. बलूनवर गाडीचं वजन तेच असतं म्हणून आतलं प्रेशर जवळपास तेवढंच राहतं आणि जागा कमी होते ती हवेची. ३० अंशांवरून तापमान १० अंशांवर आलं तर हवेचा आकार साधारण ६ ते ७ टक्क्यांनी घटतो, तेवढी गाडी चारही बाजूंनी खाली येणारच. फ्यूज काढलेला असताना चारही सारखी उतरली तर आधी थंडीचा विचार करा, एकच उतरली तर लीक. आणि हाइट सेन्सर खराब असेल तर गाडी चालू असताना तिरकी उभी राहते, पण फ्यूज काढल्यावर खाली जात नाही. हा फरक लक्षात ठेवा, यात खूप जण फसतात.

आता पुढचा डावा कोपरा म्हणजे तरी काय, त्यात बलून आला, त्याच्यापर्यंत येणारी नायलॉनची बारीक नळी आली, तिची दोन्ही टोकं आली आणि व्हॉल्व्ह ब्लॉकमधला (चारही बलूनकडे हवा वाटणारा ठोकळा) त्या कोपऱ्याचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे विजेवर उघडणारी झडप, आला. यातलं कुठलंही गळू शकतं आणि लक्षण अगदी सारखंच, तो कोपरा खाली. नुसता बलून बदलून व्हॉल्व्ह ब्लॉकची ओ-रिंग (जोडातली रबरी रिंग) गळत असेल तर दुसऱ्या दिवशी परत तेच. म्हणून मी व्हॉल्व्ह ब्लॉकला वगळून बघितलं. गाडी जॅकवर घेतली, चासीखाली स्टँड लावले, आणि हे मी अगदी ठासून सांगतो, नुसत्या हवेवर उभ्या असलेल्या गाडीखाली हात सुद्धा घालायचा नाही, हवा गेली की अडीच टनांची गाडी एका क्षणात खाली येते आणि बंप स्टॉपवर (सस्पेन्शन शेवटी टेकतं तो रबरी ठोकळा) बसल्यावर खाली माणसाला जागाच उरत नाही. मग सिस्टिममधलं प्रेशर सोडून डाव्या बलूनची नळी ब्लॉकमधून काढली, तिच्या टोकाला टायरला असतो तसला व्हॉल्व्ह बसवला आणि बाहेरच्या पंपाने हवा भरत भरतच वजन खाली आणलं. रिकाम्या बलूनवर वजन टाकलं की रबराची घडी चुकीची पडते आणि चांगला बलूनही फाटतो. आता त्या बलूनचा आणि ब्लॉकचा काही संबंध नाही. सकाळी तो कोपरा परत खाली. म्हणजे ब्लॉक निर्दोष सुटला, गळती बलूनमध्ये नाहीतर नळीत.

मग साबणाचं पाणी. भांड्यांचा लिक्विड साबण थोडा जास्त घातला की बुडबुडा टिकतो. स्प्रेने नळीच्या जोडावर मारलं, काही नाही. बलूनवर मारलं, काही नाही. बरेच लोक इथे थांबतात आणि बलून चांगला आहे म्हणतात. पण या बलूनचं रबर बलूनच्याच खालच्या गोल बुडावर (यालाही पिस्टन म्हणतात) घडी होऊन गुंडाळत जातं, गाडी वरखाली झाली की ती घडी सरकते, आणि चिरा पडतात त्या नेमक्या घडीत. नॉर्मल हाइटला तो भाग आत दुमडलेला असतो, तिथे साबण पोचतच नाही. गाडीला ऑफ-रोडच्या उंच हाइटला नेलं तेव्हा ती घडी उलगडून बाहेर आली. उजेड टाकला तर रबरावर बारीक जाळीसारख्या चिरा, पाणी मारलं आणि बघत बसलो, लगेच मोठे फुगे आले नाहीत, थोड्या वेळाने एका ओळीत पांढरा बारीक फेस साचायला लागला. हेच लीक. मला खरं सांगायचं तर त्या फेसाकडे बघून जो आनंद झाला तो गाडी घेतली तेव्हाही झाला नव्हता. साबण नंतर साध्या पाण्याने धुवून टाका, आणि रबरावर डिझेल, ग्रीस असलं काही लावू नका, पेट्रोलियमने ते फुगून कुजतं. ओ-रिंगलाही सिलिकॉन ग्रीसच.

पुढचे दोन्ही बलून बदलले, दुसऱ्याच्या रबराचं वय तेवढंच होतं. नळीचं टोक ओरखडलेलं होतं म्हणून धारदार ब्लेडने काही मिमी अगदी काटकोनात कापलं, तिरकं कापलं तर पुश फिटिंग (नळी नुसती आत ढकलून बसवायचा जोड) गळतंच. परत फ्यूज काढून रात्र, सकाळी चारही चाकं जागेवर.

पण कॉम्प्रेसर अजूनही हवा साठवायची टाकी भरायला नको तितका वेळ घेत होता, आणि याचं कारण त्या लीकमध्येच आहे. हा कॉम्प्रेसर थोडा वेळ चालून थांबायला बनवलेला, सारखा चालला की तापतो, थर्मल स्विच त्याला बंद करतो आणि पिस्टनची रिंग झिजते. त्यात ड्रायरचंही नुकसान होतं. आत येणारी हवा ड्रायरमधल्या दाण्यांतून जाते, ते ओल शोषतात, आणि गाडी खाली करताना बाहेर जाणारी कोरडी हवा त्यांच्यातूनच जाऊन त्यांना परत सुकवते. बलूनमधून हवा गळत असेल तर ती ड्रायरमधून परत येतच नाही, दाणे ओलेच राहतात आणि तीच ओल पुढे व्हॉल्व्ह ब्लॉकपर्यंत जाते. ड्रायर उघडला तर दाण्यांचा चुरा झाला होता. दाणे बदलले, कॉम्प्रेसर खोलून पिस्टनची रिंग बदलली, सिलिंडरला ओरखडे नव्हते म्हणून तेवढ्यावर भागलं, ओरखडे असते तर पूर्ण युनिटच बदलावं लागलं असतं. आता टाकी वेळेत भरते आणि तो कोडही परत आलेला नाही.