आरव्हीजी घेतलं, पण एक्स-रे नीट यायला तीन महिने गेले

कॉलेजात आम्ही फिल्मवर शिकलो, डार्करूम, डेव्हलपरचा वास, सगळं. त्यामुळे कराडजवळ दातांचं क्लिनिक टाकलं तेव्हा आरव्हीजीचा सेन्सर (फिल्मऐवजी तोंडात ठेवायचा, एक्स-रे थेट कॉम्प्युटरवर दिसतो) घेतला की एक्स-रे छानच येणार असं मी धरूनच चालले होते. नाही आले. पुढचे दात बरे यायचे, पण वरच्या दाढा म्हणजे नुसती वाळू सांडल्यासारखी, मुळाचं टोक कुठे संपतं तेच कळेना, आणि रूट कॅनालला तेच तर बघायचं असतं.

सेन्सर विकणाऱ्यांचा माणूस आला, म्हणाला मॅडम शार्पनिंग वाढवा, म्हणजे सॉफ्टवेअरमधला इमेजच्या कडा ठळक करणारा फिल्टर. वाढवलं. इमेज एकदम टकाटक दिसायला लागल्या, मला वाटलं सुटला प्रश्न. मग एक काकू आल्या, शेजारच्या दातासाठी एक्स-रे काढला तर त्यांच्या चांदी भरलेल्या दाढेत, चांदीच्या अगदी कडेला लागून बारीक काळी रेघ. खाली कीड गेलीय असंच वाटलं, चांदी काढावी लागेल असं मी त्यांना सांगूनसुद्धा टाकलं. रात्रभर चैन पडेना म्हणून सकाळी तीच इमेज फिल्टर काढून उघडली, तर रेघ गायब! धातू आणि दात जिथे भेटतात तिथे शार्पनिंगच अशी काळी कड तयार करतं. लगेच फोन केला, काकू नका येऊ, दाढ चांगली आहे तुमची. चांगला दात पोखरला असता या विचाराने अजून पोटात गोळा येतो.

त्या रविवारी एक काढलेली दाढ मेणात बसवली, मागे सेन्सर, एक्स-रेची ट्यूब तशीच, आणि फक्त किरण सोडायची वेळ बदलत गेले, ०.०८ सेकंद, ०.१२, ०.१६, ०.२०, ०.३२. माझ्या मशीनवर ०.०८ ला तीच वाळू, म्हणजे किरणच कमी पडत होते. ०.३२ ला मुळाचं बारीक टोक काळ्यात विरघळून गेलं, तिथे सेन्सर भरून गेला की सॉफ्टवेअर काही परत आणत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मधलं, थोडं जास्त झालं तर सॉफ्टवेअर ब्राइटनेस सावरून घेतं, इमेज सुंदर दिसते, पेशंटला मात्र विनाकारण जास्त रेडिएशन. फिल्म निदान काळी पडून सांगायची तरी.

वाळूचं दुसरं कारण आमची असिस्टंट, पेशंटला टोचू नये म्हणून बिचारी ट्यूबचं तोंड गालापासून बराच लांब ठेवायची. किरण जिथून निघतात तिथपासूनचं अंतर दुप्पट झालं की पोचतात पावच. अँगलचंही तसंच, वरच्या दाढेला किरण जास्त उभे पडले की मूळ आखूड दिसतं, आडवे पडले की लांब, आणि लांबी चुकली की मुळात घालायची फाईल, म्हणजे रूट कॅनालची बारीक सुई, चुकली. सेन्सर हाताने धरणं बंद केलं, त्यासाठी रिंगवाला होल्डर आणला, जबडा लहान असला की सेन्सरचा कोपरा रुततो खरा, पण हळूच दाताला समांतर बसवला आणि नाकाने श्वास घ्यायला सांगितलं की बहुतेक जण धरतात.

मॉनिटर खिडकीसमोर होता तो फिरवला. आता वेळेचा तक्ता मशीनशेजारी चिकटवलाय, आणि पुण्याच्या सरांना केस पाठवताना व्हॉट्सॲपवर फोटो टाकत नाही, दाबून दाबून त्यातलं बारीक सगळं जातं, ओरिजिनल इमेज फाईलच मेल करते.