किमान वेतन शिकवताना आलेख जरा उशिरा काढा

आज वर्गात किमान वेतन होतं. मागणी-पुरवठ्याचा आलेख आधी फळ्यावर आला की चर्चा तिथेच संपते: वेतन समतोलाच्या (मजुरांची मागणी आणि पुरवठा जुळतात त्या पातळीच्या) वर, म्हणून रोजगार कमी. मुलं वहीत उतरवून मोकळी होतात.

म्हणून आधी प्रश्न विचारले. मालक किती आहेत? मजूर दुसरीकडे जाऊ शकतो का? पंचक्रोशीत एकच कारखाना असेल तर मालक वेतन दाबून ठेवू शकतो. तिथे किमान वेतन वाढवल्यावर रोजगार वाढूही शकतो, पण एका मर्यादेपर्यंतच. ती मर्यादा आकृतीत मुलांनाच शोधू द्यावी.

मग पुरावा. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याने एप्रिल १९९२ मध्ये ताशी किमान वेतन ४.२५ वरून ५.०५ डॉलर केलं. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी तिथल्या आणि शेजारच्या पेनसिल्व्हेनियातल्या ४१० फास्टफूड दुकानांची पाहणी केली. रोजगार घटल्याचं दिसलं नाही. न्यूमार्क आणि वॉशर या दुसऱ्या दोन अर्थतज्ज्ञांनी पगाराच्या नोंदी तपासून उलट निष्कर्ष मांडला. वर्गाचे दोन गट करून प्रत्येकाला एक अभ्यास द्या. तुलना कुणाशी केली, मोजलं काय, निसटलं काय?

इथे एक धोका असतो. ‘दोघंही आपापल्या जागी बरोबर’ म्हणून मुलं सुटका करून घेतात. अनेक दृष्टिकोन शिकवायचे ते निवड टाळायला नव्हे! कोणता पुरावा मिळाला तर मत बदलाल, हे प्रत्येकाकडून दोन ओळींत लिहून घ्या. गुण त्या दोन ओळींना द्या, कोणती बाजू घेतली त्याला नको.