दिघ्यातला रविवार
आजचा अख्खा दिवस नवी मुंबईतल्या दिघ्यात गेला. ओळखीतल्या एका मुलीला कॅप राउंडमधून (म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) कम्प्युटर इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालाय. वडील रिक्षा चालवतात, आई तुर्भ्याच्या मार्केटात भाजी निवडते. घरात मोबाइल एकच, त्यावरच फीमाफीचा फॉर्म भरायचा होता, म्हणून मी लॅपटॉप घेऊन गेले.

2024-25 पासून राज्य सरकार ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ओबीसी मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ करतं. घरचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत हवं. हे त्या माउलीला ठाऊकच नव्हतं! दागिने गहाण ठेवायची तयारी झाली होती.

पण फी म्हणजे सगळा खर्च नव्हे. लॅपटॉपशिवाय प्रोग्रॅमिंग शिकायचं कसं? त्यासाठी एआयसीटीईची (देशातल्या तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) 'प्रगती' शिष्यवृत्ती सांगितली: तंत्रशिक्षण घेणाऱ्या मुलींना वर्षाला 50,000 रुपये, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. त्यातून कम्प्युटर, पुस्तकं घेता येतात. हे ऐकून दहावीतली धाकटीही जवळ येऊन बसली.

फीमाफीचा फॉर्म भरताना महाडीबीटीवर (राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर) अडलो ते बँक खात्यापाशी. खातं आधारशी जोडलेलं नव्हतं, आणि पैसे तर आधारशी जोडलेल्या खात्यातच येतात. उद्या आई खाडा करून बँकेत जाणार. एका दिवसाची मजुरी जाईल, याचं फार वाईट वाटलं.

मी शिकले तेव्हा हे सांगणारं कुणी नव्हतं. ऐरोली, दिघा, कळवा भागात कुणाच्या मुलीचा फॉर्म अडला असेल तर मेसेज करा. पुढच्या रविवारी मी मोकळी आहे. उत्पन्नाचा दाखला तेवढा काढून ठेवा.