टीकेइंटर: न दाबताच चालणारं बटण आणि टेक्स्टमधली वाढीव ओळ

पायथॉनच्या टीकेइंटरमध्ये, म्हणजे खिडक्या-बटणं बनवायच्या लायब्ररीत, एक प्रकार हमखास दिसतो. खिडकी उघडताक्षणी, कुणी हात लावायच्या आत, फाइल सेव्ह होते. पुढे बटण कितीही दाबा, ढिम्म. दोष कंसांचा. 'कमांड=सेव्ह()' लिहिलं की पायथॉन ते फंक्शन तिथल्या तिथे चालवतो आणि त्यातून परत आलेलं 'नन' (म्हणजे काहीच नाही) बटणाच्या हाती देतो. द्यायचं असतं फंक्शनचं नुसतं नाव.

फंक्शनला आर्ग्युमेंट पाठवायचं असेल तर लॅम्डा, म्हणजे जागच्या जागी लिहिलेलं बिननावाचं फंक्शन, वापरतात, आणि तिथे पुढचा खड्डा आहे. फॉर लूपमध्ये ० ते ९ अशी दहा बटणं केली, तर कुठलंही दाबा, ९ च येतं. लॅम्डा 'आय'ची किंमत बटण दाबल्यावर बघतो, तोवर लूप संपलेला असतो. 'लॅम्डा आय=आय:' असं लिहा, म्हणजे त्या फेरीतली किंमत धरून ठेवली जाते.

कमांडमधलं फंक्शन संपेपर्यंत मेनलूप, म्हणजे क्लिक आणि टायपिंगला दाद देत खिडकी चालती ठेवणारा लूप, थांबतो, म्हणून लांबलचक काम तिथे टाकलं की खिडकी गोठते. काम तुकड्यांत करून, थोड्या वेळाने फंक्शन चालवणाऱ्या 'आफ्टर'ने पुढचा तुकडा लावा. सगळंच थांबवून ठेवणारं स्लीप तर नकोच.

टेक्स्ट विजेटचा, म्हणजे अनेक ओळी लिहायच्या चौकटीचा, खरा ताप इंडेक्सचा, म्हणजे मजकुरातली जागा सांगायच्या पद्धतीचा. ओळी १ पासून मोजतात, अक्षरं ० पासून. सुरुवात म्हणजे '१.०'. हा आकडा नाही, स्ट्रिंग आहे. अवतरणचिन्हं विसरून १.१० लिहिलंत तर पायथॉन त्याचं १.१ करतो आणि मजकूर भलत्याच जागी घुसतो. एरर नाही, काही नाही. असल्या मुक्या चुका शोधायला सगळ्यात अवघड. मुकेपणाचाच दुसरा नमुना: स्टेट 'डिसेबल्ड' असताना प्रोग्रॅममधून इन्सर्ट केलं तरी काहीच होत नाही. आधी 'नॉर्मल', मग इन्सर्ट, मग पुन्हा 'डिसेबल्ड'.

मजकूर वाचताना '१.०' ते 'एंड' घेतलं की शेवटी एक न्यूलाइन जास्तीची येते, कारण टेक्स्ट ती स्वतःहून ठेवतो. तेच फाइलमध्ये लिहून पुन्हा उघडत राहिलात तर दर फेरीला शेवटी एक ओळ वाढते. 'एंड-१सी', म्हणजे शेवटाच्या एक अक्षर आधीपर्यंत, घ्या. 'अंडू' मुळात बंद असतं, तेही विजेट करतानाच चालू करा. वापरणारा कंट्रोल-झेड दाबणारच.

मराठी मजकुरासाठी आणखी एक. इंडेक्स युनिकोडचे कोडपॉइंट (एकेका चिन्हाचे क्रमांक) मोजतो, आपण वाचतो ती अक्षरं नाही. 'स्त्री' म्हणजे स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी, असे सहा. ओळीच्या सुरुवातीला हा शब्द टाइप केला की कर्सर '१.६' वर असतो. '१.०' ते '१.१' डिलीट केलं तर फक्त स जातो आणि हलन्त निराधार लोंबकळतो. शोध-बदल लिहिताना लांबी पायथॉनच्या 'लेन'ने काढा, तोही कोडपॉइंटच मोजतो. डोळ्यांनी मोजलेली लांबी इथे चुकणार.